ऑक्सफर्डला जाऊन पदवी न आणलेला जमखंडीचा मुलगा

॥ श्री ॥



गेल्या गुरुवारी सत्संग संपला, प्रसाद वाटून झाला आणि नेहमीप्रमाणे आम्ही चार-पाच जणी सतरंज्या गुंडाळता गुंडाळता बोलत होतो. हल्ली आपल्या परिवारात परदेशी कुणीच शिकायला गेलेलं नाही असं घर शोधावं लागतं. कुणाचा मुलगा जर्मनीत, कुणाची नात कॅनडात, कुणाचा भाचा ऑस्ट्रेलियात. त्यामुळं बोलणं फिरून फिरून तिथंच येतं. थंडी किती, भाडं किती, कर्जाचा हप्ता किती, नोकरी लागली का. त्या दिवशी एक वहिनी मात्र गप्प होत्या. निघताना हळूच म्हणाल्या, मुलगा रोज फोन करतो, रोज बरा आहे म्हणतो, पण तो बरा नाही हे मला त्याच्या नुसत्या आवाजावरून कळतं. काय विचारावं तेच सुचत नाही.

मला सुद्धा काही सुचलं नाही. कारण माझ्या घरातही तीच गोष्ट आहे. आमची मुलगी दोन वर्षांपूर्वी बाहेर शिकायला गेली. पहिल्या हिवाळ्यात खूप रडायची. मग एक दिवस उत्साहानं सांगू लागली की शनिवारी ती जवळच्या वृद्धाश्रमात जाते, एका आजींना वाचून दाखवते. मी काय बोलले असेन? एवढे लाखो रुपये खर्च करून तुला तिकडच्या म्हाताऱ्यांजवळ बसायला पाठवलं का, असं बोलले. ती गप्प झाली. त्यानंतर त्या आजींचा विषय तिनं कधीच काढला नाही. मार्क, फी, हवामान एवढंच सांगायची.

या महिन्यात थोर व्यक्तीचं चरित्र लिहिण्याची सेवा माझ्याकडं आली, तेव्हा माझ्या मनात हेच घोळत होतं. म्हणून मी आपल्याच भागातल्या एका माणसाची गोष्ट निवडली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं आहे. पण ते दोन वर्षं विलायतेत शिकायला होते आणि त्या दोन वर्षांनी त्यांच्या आयुष्याला काय वळण लागलं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

*जमखंडीचं घर*

विठ्ठलरावांचा जन्म 23 एप्रिल 1873 रोजी जमखंडीला झाला. जमखंडी आज बागलकोट जिल्ह्यात आहे. आपल्या हुबळीहून सकाळची बस धरली तर दुपारच्या जेवणाला तिथं पोचता येतं. तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान होतं. दरबारात मराठी, बाजारात कानडी, आणि पोरं दोन्ही भाषा सारख्याच बोलायची. आपल्याला हे समजावून सांगायला नको, आपली घरंही अशीच आहेत. पुढे विठ्ठलरावांनी मराठी आणि कानडी यांच्या नात्यावर अभ्यास करून लिहिलं, त्याचं मूळ या गल्लीतल्या बोलण्यातच असणार.

वडील रामजीबाबा वारकरी. मुलाचं नाव विठ्ठल ठेवलं, पुढे सून आली ती रुक्मिणी. घरी पंढरीची वारी, भजन, आणि दारात आलेला साधू, गोसावी, फकीर उपाशी जायचा नाही. आई यमुनाबाई कष्टाळू आणि सोशिक. हात असा सढळ, त्यामुळं पुढे घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली. पण त्या घरात मुलाला एक गोष्ट न शिकवता मिळाली, ती म्हणजे माणसाला माणूस म्हणून घरात घेणं.

त्या काळाच्या रीतीप्रमाणं विठ्ठलरावांचं लग्न नवव्या वर्षीच झालं. वधू तर त्यांच्याहून कितीतरी लहान. धाकटी बहीण जनाक्का हिचंही लग्न असंच लहानपणी लागलं आणि सासरी तिचे फार हाल झाले. भावाला ते बघवेना. पुढे स्वतःच्या शिकण्याची भ्रांत असताना त्यांनी तिला परत आणलं आणि पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत शिकवलं. 1890 च्या दशकातली ही गोष्ट आहे. सासरहून आलेल्या बहिणीला दप्तर घेऊन शाळेत पाठवणाऱ्या भावाला गावानं काय काय ऐकवलं असेल, त्याचा अंदाज आपण बायका करू शकतो.

*पुण्यातली वर्षं*

1891 मध्ये ते मॅट्रिक झाले आणि 1893 मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. त्या वेळी आगरकर तिथं प्रिन्सिपॉल होते. पैशाची अडचण कायमची. मराठा समाजातल्या हुशार मुलांना मदत करणाऱ्या गंगारामभाऊ म्हस्के यांच्या संस्थेनं दरमहा थोडी मदत दिली. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. अशा लोकांच्या पैशावर 1898 मध्ये ते बी. ए. झाले.

कॉलेजात असताना त्यांच्या मनाचाही एक मोठा प्रवास झाला. वारकऱ्याचा मुलगा मिल आणि स्पेन्सर वाचू लागला आणि लहानपणची श्रद्धा डळमळली. आपली मुलं हॉस्टेलला गेली की देवघरासमोर उभं राहायला टाळाटाळ करतात, तेव्हा आपण किती घाबरतो! विठ्ठलरावांनाही त्या कोरडेपणात चैन पडत नव्हतं. पुढे न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्या प्रार्थना समाजाशी ओळख झाली. एका निराकार ईश्वराची उपासना, जातिभेद नको, आणि तुकोबांचे अभंगही सोडायचे नाहीत, असा हा समाज. तिथं त्यांना पुन्हा आधार मिळाला. 1898 मध्ये ते समाजाचे सभासद झाले.

घरच्यांना वाटत होतं की आता मुलगा वकील होईल, घरावरचा भार उतरेल. कायद्याचा अभ्यास सुरूही झाला होता. पण त्यांनी तो अर्ध्यावर सोडला आणि धर्मप्रचारक होण्याचं ठरवलं. मला सांगा, आपल्या घरात असं झालं तर? मी तरी दोन दिवस जेवले नसते.

*निघताना*

इंग्लंडमधल्या युनिटेरियन पंथाचे विचार प्रार्थना समाज आणि ब्राह्मसमाज यांच्या जवळचे होते. त्या पंथाचे अमेरिकेतले धर्मोपदेशक जाबेझ संडरलंड 1895-96 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. त्यांच्या प्रयत्नातून इथल्या तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करण्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. प्रार्थना समाजातून विठ्ठलरावांची निवड झाली. प्रवासखर्चाला पुन्हा सयाजीराव महाराजच धावून आले. त्यांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलानं बडोद्यात नोकरी करावी अशी अपेक्षा होती. पण याला दुसरं काम करायचं आहे हे कळल्यावर महाराजांनी त्यांना मोकळं केलं. द्यावं आणि बांधून ठेवू नये, हे फार थोड्यांना जमतं.

21 सप्टेंबर 1901 रोजी विठ्ठलराव मुंबईहून बोटीत बसले. वय 28. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. प्लेगाचे दिवस होते. आपल्या हुबळीत तीनच वर्षांपूर्वी प्लेगानं हाहाकार केला होता. मागे आई-वडील, बायको, बहिणी. पत्र विलायतेला पोचायला दोन-अडीच आठवडे, उत्तर यायला तेवढेच. म्हणजे आज तब्येत कशी म्हणून विचारलं तर उत्तर मिळेपर्यंत महिना उलटून जायचा. आपण तर मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या आणि दहा मिनिटांत उत्तर आलं नाही की कासावीस होतो.

*ऑक्सफर्डचं कॉलेज*

मँचेस्टर कॉलेजची हकीगत समजून घेण्यासारखी आहे. इंग्लंडच्या राजमान्य चर्चला न मानणाऱ्या लोकांना जुन्या काळी ऑक्सफर्डची दारं बंद होती. ते नियम पूर्णपणे जायला 1871 साल उजाडलं. म्हणून अशा लोकांनी 1786 मध्ये मँचेस्टर गावात आपलं स्वतःचं विद्यालय काढलं. गावं बदलत बदलत ते 1889 मध्ये ऑक्सफर्डला आलं. 1893 मध्ये त्याची नवी इमारत उघडली. तिथल्या प्रार्थनामंदिरात बर्न-जोन्स या चित्रकारानं रेखाटलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, सृष्टी कशी निर्माण झाली ते दाखवणाऱ्या. म्हणजे विठ्ठलराव जिथं शिकायला गेले, ती जागाच मुळी दाराबाहेर ठेवलेल्या लोकांनी उभी केली होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

प्रिन्सिपॉल होते जेम्स ड्रमंड. तौलनिक धर्म शिकवायला एस्टलिन कार्पेंटर होते. ते पाली भाषेचे जाणकार, बौद्ध ग्रंथांचे संपादक. जरा विचार करा, बुद्ध आपल्या देशातला, आणि त्याचे ग्रंथ जमखंडीचा मुलगा इंग्लंडमध्ये एका इंग्रजाकडून समजून घेतो आहे. यात अपमान मानायचा की आश्चर्य, हे ज्याच्या त्याच्या मनावर आहे. विठ्ठलरावांनी शिकून घेतलं.

तौलनिक धर्म म्हणजे काय, तर जगातले धर्म एकमेकांशेजारी ठेवून बघायचे. एकाचं तेवढं खरं आणि दुसऱ्याचं खोटं असं आधी ठरवून टाकायचं नाही. हे वाचायला सोपं आहे. पण घरापासून इतक्या दूर, आजूबाजूला सगळे राज्यकर्त्यांच्या जातीचे, आपण तिथं गुलाम देशातले. अशा ठिकाणी माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर आपलं सगळं टाकाऊ मानून त्यांच्यासारखा होतो, नाही तर चिडून आपलं सगळंच सोन्याचं म्हणतो. आपल्या मुलांचंही तिकडं असंच होतं. कुणी सहा महिन्यांत मराठी विसरल्यासारखं बोलतं, कुणी तिकडच्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवतं. विठ्ठलरावांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी दोन्ही बाजू बघायचं ठरवलं. हा मला त्यांचा सगळ्यात मोठा अभ्यास वाटतो, आणि तो पुस्तकातून होत नाही.

एकटेपण असणारच. ऑक्सफर्डला डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. उन्हाची सवय असलेल्या आपल्या माणसाला तो अंधार अंगावर येतो, माझ्या मुलीनंही हेच सांगितलं होतं. विठ्ठलरावांनी त्यावर काढलेला उपाय साधा होता. ते बघत राहिले आणि लिहीत राहिले. रोजनिशी लिहिण्याची त्यांना सवय होती. प्रवासाची आणि तिथल्या जीवनाची वर्णनं ते मुंबईला प्रार्थना समाजाच्या 'सुबोध पत्रिके'कडं पाठवायचे. सुट्टीत स्कॉटलंडचा डोंगराळ मुलूख, तिथली सरोवरं पाहून आले. मन दुखत असलं तरी डोळे उघडे ठेवले.

*लंडनच्या गल्ल्या*

पण त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारी गोष्ट वर्गात घडली नाही. ती गरीब वस्त्यांमध्ये घडली.

1902 मध्ये लंडनला सातव्या एडवर्ड राजाचा राज्याभिषेक झाला. जगभर पसरलेल्या साम्राज्याची ती राजधानी. आणि त्याच लंडनमध्ये चार्ल्स बूथ नावाच्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं घरोघरची माहिती गोळा करून दाखवून दिलं होतं की शंभरातली सुमारे तीस माणसं गरिबीत दिवस काढतात. दारू, घाण, बेकारी, एका खोलीत सगळं कुटुंब. आपल्याकडं साहेब म्हणजे श्रीमंत असं समीकरण होतं. तिथं गेल्यावर साहेबाच्या देशातला गरीब दिसला.

आणि त्याच्याबरोबर त्या गरिबाकडं जाणारे लोकही दिसले. युनिटेरियन मंडळींची अशी मिशनं शहरातल्या गरीब वस्त्यांत काम करत होती. रविवारी प्रार्थना करून घरी बसायचं नाही, वस्तीत जायचं. मुलांची शाळा, मोठ्यांचे रात्रीचे वर्ग, आजाऱ्याची विचारपूस, दारू सोडवण्याचा प्रयत्न. शिकली-सवरलेली, खाऊन-पिऊन सुखी माणसं हे काम नित्यनेमानं करत होती. विठ्ठलरावांनी या संस्था लक्ष देऊन बघितल्या.

इथं त्यांना आपलं घर दिसलं, असं मला वाटतं. आपल्याकडं भजन होतं, कीर्तन होतं, अन्नदान होतं. पण गावाच्या कडेला एक वस्ती होती, तिथलं पोर शाळेच्या पायरीला शिवायचं नाही, विहिरीला हात लावायचं नाही, देवळाच्या बाहेरूनच नमस्कार करायचं. जमखंडीत असताना ते रोजचंच होतं. रोजचं असलं की दिसेनासं होतं. दूर गेल्यावर, दुसऱ्याच्या गावातला गरीब बघितल्यावर, स्वतःच्या गावातला डोळ्यासमोर उभा राहतो.

*सामानात काय आणलं*

1903 च्या सप्टेंबरात हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमला उदार धर्म मानणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. देशोदेशीचे विद्वान आले होते. तिथं विठ्ठलरावांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्माविषयी निबंध वाचला. त्यानंतर ते परतीच्या वाटेला लागले आणि 6 ऑक्टोबर 1903 रोजी मुंबईला उतरले. वय 30.

आता ऐका. मँचेस्टर कॉलेज तेव्हा ऑक्सफर्ड विद्यापीठाचा भाग नव्हतं. विद्यापीठाची पदवी त्या कॉलेजातून मिळत नव्हती. दोन वर्षं ऑक्सफर्डला राहून आलेला माणूस नावापुढं ऑक्सफर्डचं एकही अक्षर न लावता परत आला. आणि आल्यावर धरली ती प्रार्थना समाजाच्या प्रचारकाची वाट. तिच्यात मान थोडाफार असेल, पैसा नव्हता. गिरगावातल्या समाजाच्या राममोहन आश्रमात बिऱ्हाड थाटलं. जमखंडीच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय विचारलं असेल ते मी छातीठोक सांगू शकते, कारण मीही तेच विचारलं असतं. विलायतेला जाऊन मिळवलं काय?

काय मिळवलं ते हळूहळू दिसलं. एक छोटी गोष्ट सांगते. तिकडच्या धर्तीवर त्यांनी मुंबईत पोस्टल मिशन चालवलं. ज्यांना धर्माचे उदार विचार वाचायचे आहेत, त्यांना टपालानं पुस्तकं आणि पत्रकं पाठवायची. आपण रोज सकाळी ग्रुपवर सुविचार पाठवतो, त्याचा हा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा भाऊ म्हणा ना! फरक एवढाच की तिकीट लावून पाठवायचं असल्यामुळं ते लोक पाठवण्याआधी स्वतः वाचत असणार.

*परळची शाळा*

परत आल्यावर थोड्याच दिवसांत सयाजीराव महाराजांनी त्यांना बडोद्याला बोलावलं आणि तिथल्या अस्पृश्य मुलांच्या शाळा तपासायला सांगितल्या. त्यानंतर समाजाच्या कामासाठी ते गावोगाव फिरले. जातील तिथं अस्पृश्य वस्तीत जाऊन चौकशी करायचे. 1901 च्या जनगणनेचे आकडे घेऊन देशात हे लोक किती, कुठं, कसे राहतात याचा हिशोब मांडायचे. बूथ साहेबांसारखंच हे काम, आधी नीट मोजायचं, मग बोलायचं.

1905 मध्ये अहमदनगरजवळ भिंगार इथं महार मंडळींनी रात्री सभा बोलावली होती. विठ्ठलराव त्या सभेला गेले. तिथल्या लोकांची शिकण्याची, वर येण्याची तळमळ त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि आपलं आयुष्य याच कामाला द्यायचं हा निश्चय पक्का झाला.

18 ऑक्टोबर 1906. दिवाळीचा पाडवा. मुंबईत परळच्या गिरणी भागात अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडली आणि भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू झालं. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर. पाडव्याला आपण इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो म्हणतो. त्या दिवशी ज्यांना शाळेचं दार बंद होतं, त्यांच्यासाठी एक दार उघडलं. ऑक्सफर्डच्या त्या कॉलेजाची हकीगत आठवली ना?

पुढे हे काम वाढत गेलं. शाळा, वसतिगृहं, हातानं करायचे धंदे शिकवण्याची सोय. पुण्यात अहल्याश्रम उभा राहिला. या मिशनची एक शाखा आपल्या हुबळीतही होती, हे वाचून मला भरून आलं. या शहरात इतकी वर्षं राहून मला ते माहीत नव्हतं. 1917 मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागंही विठ्ठलरावांची खटपट होती.

*घरच्यांचा वाटा*

चरित्र लिहिताना आपण एकाच माणसाचं नाव घेतो. पण मला राहून राहून रुक्मिणीबाई दिसतात. लहान वयात लग्न, नवरा आधी पुण्याला, मग समुद्रापार. तो परत आल्यावर सुख येईल म्हणावं तर संसार मिशनच्या दारात. सोवळं-ओवळं मानणाऱ्या जगात वस्तीतली मुलं आपल्या घरात वावरू देणं, आणि त्यावरून नातेवाइकांचं बोलणं खाणं, हे व्याख्यान देण्याहून सोपं नाही.

आणि जनाक्का! सासरी छळ सोसलेली, भावानं परत आणून शाळेत घातलेली ती मुलगी मिशनच्या कामात उभी राहिली, दुसऱ्यांच्या लेकरांना सांभाळू लागली. विठ्ठलराव ऑक्सफर्डला न जाता घरीच राहिले असते तरी जनाक्काला शिकवण्याचं काम त्यांनी आधीच केलेलं होतं. बाहेरच्या जगातलं शहाणपण त्यांच्यात रुजलं, कारण घरात माती आधीच भुसभुशीत केलेली होती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण मुलांना बाहेर पाठवताना लोणचं, मेतकूट, थालीपिठाची भाजणी देतो. त्याबरोबर आणखी काय दिलं, ते नंतर कळतं.

हा रस्ता सुखाचा नव्हता. उच्चवर्णीयांना ते धर्म बुडवणारे वाटले. ज्यांच्यासाठी आयुष्य वेचलं त्यांच्यातल्याही काही जणांना पुढे वाटू लागलं की आमचं आम्ही बघू, दुसऱ्यानं पुढारीपण करू नये. त्यातही खरेपणा होता. 1910 मध्ये त्यांनी समाजाच्या प्रचारकाचं काम सोडलं आणि 1923 मध्ये स्वतः वाढवलेल्या मिशनमधूनही ते बाहेर पडले. मुलासारखं वाढवलेलं काम दुसऱ्यांच्या हाती सोपवणं किती कठीण असतं! 1930 मध्ये सविनय कायदेभंगात येरवड्याच्या तुरुंगात गेले. 1933 मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तीस वर्षांपूर्वी ऑक्सफर्डला शिकलेली शोधक बुद्धी त्यात पानोपानी आहे. 'माझ्या आठवणी व अनुभव' हे आत्मचरित्रही त्यांनी लिहून ठेवलं. 2 जानेवारी 1944 रोजी त्यांनी देह ठेवला.

*आपल्यासाठी*

हे सगळं वाचून झाल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती बसून होते. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही मोजायचं राहिलं.

परदेशी शिकायला गेलेलं मूल तिथं एकटं पडतं, रडतं, कुणी तोडून बोललं तर गिळतं. ते आपण थांबवू शकत नाही. पण त्यातूनच कधी कधी त्याचे डोळे उघडतात आणि ते काहीतरी बघतं. तेव्हा ते आधी आपल्याला सांगायला येतं. त्या वेळी आपण त्याला फीचा हिशोब ऐकवला, तर पुढच्या वेळी ते सांगत नाही. मग रोजचा फोन येतो आणि त्यात मी बरा आहे एवढंच असतं. त्या वहिनींना गुरुवारी जे उत्तर मला देता आलं नाही, ते हे आहे. मुलानं आज काय खाल्लं ते जरूर विचारा. पण आज काय पाहिलं, तेही विचारा. आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. मार्क आणि नोकरी यांना महत्त्व आहेच, कर्जाचे हप्ते मलाही भरायचे आहेत. पण विठ्ठलरावांनी जे आणलं ते कुठल्याही सर्टिफिकेटावर लिहिलेलं नव्हतं, आणि तेच हजारो मुलांच्या उपयोगी पडलं.

परवा रात्री मी मुलीला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, त्या आजी कशा आहेत ग? पलीकडं थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग ती म्हणाली की त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा जाते. आजींचं नाव काय, त्यांना काय वाचून दाखवतेस, त्यांची मुलं येतात का, असं मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. पाऊण तास झाला. फी आणि हवामान दोन्ही राहूनच गेलं.

*या आठवड्याचा संकल्प:* ज्यांचं मूल, नातवंड, भाचा, पुतणी घरापासून दूर शिकत आहे, मग ते परदेशात असो की बेंगळूरला, त्यांनी या रविवारी फोनवर एक तरी प्रश्न असा विचारायचा की ज्याचं उत्तर आकड्यात येणार नाही. काय अनुभव आला ते पुढच्या गुरुवारी सांगा, मी सतरंज्या गुंडाळायला थांबेनच.

लिहिण्यात काही चुकलं-माकलं असेल तर सांभाळून घ्यावं. 🙏

श्रीगुरुचरणी अर्पण.

आपली,
सत्संग परिवारातली एक सेविका, हुबळी-धारवाड